कमी मिठाचे मासळीचे गोळे फुटतात? या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या घरातून मी मासळीचे गोळे आणि कबाब ऑर्डरप्रमाणे करून देते. सासऱ्यांना रक्तदाब निघाला, तेव्हा किलोभर खिम्याला 25 ग्रॅम मीठ घालायचे ते सरळ 12 ग्रॅमवर आणलं. गोळे पाण्यात सोडले आणि पाच मिनिटांत पातेल्यात गढूळ पाणी नि भुसभुशीत चुरा! त्यांना नीट खाता येईल असा गोळा जमायला मला पुढे कितीतरी खेपा लागल्या.

मीठ फक्त चवीसाठी असतं, हा समज सगळ्यात आधी सोडा. माशाच्या स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्याला मीठ लागतं. विरघळलेलं मायोसिनच शिजताना जाळं विणतं आणि त्यात पाणी धरून ठेवतं. खिम्याला दोन-तीन टक्के मीठ हा जुना हिशेब त्यासाठीच आहे. ते निम्मं केलं, की बाकीचं काम चोख हवं.

माझी खरी चूक होती ती क्रमाची. कांदा, कोथिंबीर, कॉर्नफ्लोअर, मीठ सगळं एकदमच फिरवायची. मग आधीच कमी असलेलं मीठ कांद्या-पिठात वाटलं जातं. आता खिमा एकटा मिनिटभर फिरवते, मग सगळं मीठ घालून दोन-तीन मिनिटं. लगदा चकचकीत होतो, बोटाला तार धरतो, उलथनं उलटं केलं तरी पडत नाही. तोवर बाकी कशालाही हात लावायचा नाही. नंतर बर्फाचा चुरा थोडा थोडा, आणि शेवटी पीठ-मसाला.

मिक्सर तापू देऊ नका. लगदा 10 अंशांच्या खाली राहायला हवा, आणि बडोद्याच्या मे महिन्यात ते सोपं नाही. मी भांडं पात्यासकट फ्रीझरमध्ये ठेवते.

लिंबू, दही, कोकम लगद्यात नको. आंबटपणाने प्रथिन आखडतं आणि पाणी सोडतं. लिंबू ताटात पिळा.

मासा आधीच बिघडलेला असेल तर मात्र इलाज नाही. राणी मासा, ढोमा ताजा बर्फातला घ्या. एकदा वितळवून पुन्हा गोठवलेल्या माशाचं मायोसिन आधीच मोडलेलं असतं. सुरिमीच्या, म्हणजे धुतलेल्या माशाच्या लगद्याच्या, कारखान्यात गोठवण्याआधी साखर आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक गोड पदार्थ) मिसळतात ते याच कारणाने. खिमा बर्फाच्या पाण्यात धुऊन, फडक्यात घट्ट पिळून घेतला की रक्त आणि त्रासदायक एन्झाइम बरेचसे निघून जातात.

शिजवताना हळूहळू तापवणं घातक. 50 ते 70 अंशांच्या टप्प्यात माशातली एन्झाइम विणलेलं जाळं कापत सुटतात. गोळे 40 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास, त्याहून जास्त नाही, आणि तिथून थेट 90 अंशांच्या पाण्यात.

लो-सोडियम मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. जास्त झालं तर कडवट लागतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरूच नये. खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं, तो हिशेबात धरा.

जमलं की नाही ते असं पाहा: गार झालेल्या गोळ्याची 3 मिलिमीटर जाडीची चकती कापून तिची घडी घाला. लगेच तुटली तर लगदा फिरवणं किंवा मासा चुकला. एकदा घडी घालून तडा गेला नाही, तर त्याच घडीची आणखी एक घडी घाला. परवा चार पदरी घडी टिकली, तेव्हा सासऱ्यांनी ती चकती उचलून तशीच खाल्ली.