कुत्र्याच्या गाठीचं भाकीत करताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, किती दिवस?" उत्तर द्यायची घाई डॉक्टरांनाही तेवढीच. कुत्र्यांच्या त्वचेवर नेहमी आढळणाऱ्या मास्ट सेल ट्यूमरमध्ये (मास्ट सेल या रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरमध्ये) ही घाई फार नडते. म्हणून मी रिपोर्टवरच्या ग्रेडआधी, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे त्या श्रेणीआधी, नमुना कसा घेतला ते विचारते.

हाताने चाचपून निदान. "मऊ आहे, हलतेय, म्हणजे चरबीची गाठ." मास्ट सेल ट्यूमरही अगदी तसाच हाताला लागू शकतो, त्वचेखालचा तर हमखास फसवतो. एका लॅब्रेडॉरच्या मांडीवरची गाठ अशीच बरेच महिने 'चरबी' म्हणून सांभाळली गेली. मग ती लाल झाली, सुजली, आणि सुई न टोचताच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं. गाठ निम्मी झाली, सगळे खूश. गोळ्या थांबल्यावर ती परत फुगली, तेव्हा कुठे काढली. आमच्याकडे तपासणीला बरणीत आले तीन सुटे तुकडे. कापलेल्या कडा ओळखू याव्यात म्हणून लावायची शाई नाही, कुठला तुकडा कुठल्या बाजूचा ते लिहिलेलं नाही, स्टेरॉइड दिल्याचा उल्लेखही नाही. मार्जिन स्वच्छ आहे का, म्हणजे कडेपर्यंत गाठीच्या पेशी उरल्यात का, हे कशावरून सांगणार? पुढे जांघेतल्या लिम्फ नोडमध्येही (लसिका ग्रंथीतही) त्याच पेशी निघाल्या. तो नोड हाताला अगदी नॉर्मल लागत होता!

सुईने पेशी काढायला काही मिनिटं लागतात. माझ्याकडे नियम सरळ आहे: गाठ दिसली की सुई, आणि सुई होईपर्यंत स्टेरॉइड नाही. जवळचा नोड मोठा नसला तरी त्यातही सुई. आज मोठी, उद्या लहान होणारी गाठ पाहून निर्धास्त होऊ नका. या पेशींतून हिस्टामिन सुटलं की ती अशीच फुगते.

"ग्रेड दोन" ऐकून निकाल लावणं. 1984 च्या पटनाईक पद्धतीत तीन ग्रेड आहेत आणि बहुतेक गाठी मधल्यात जाऊन बसतात. त्यावरून काय सांगणार, कपाळ? म्हणून 2011 मध्ये क्यूपेल यांची 'लो' आणि 'हाय' अशी दोनच खणांची पद्धत आली. दहा हाय-पॉवर फील्डमध्ये (सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगातून दिसणाऱ्या दहा क्षेत्रांत) सात किंवा जास्त विभाजन पावणाऱ्या पेशी दिसल्या, तर तेवढ्यानेही गाठ 'हाय'मध्ये जाते. त्या अभ्यासात हाय ग्रेडच्या कुत्र्यांच्या उरलेल्या आयुष्याचा मध्यक चार महिन्यांहून कमी होता, लो ग्रेडचा दोन वर्षांहून जास्त. पण मध्यक म्हणजे तारीख नव्हे, निम्मे कुत्रे त्याहून जास्त जगले. मला रिपोर्टात दोन्ही ग्रेड आणि मायटोसिसचा (विभाजन पावणाऱ्या पेशींचा) आकडा लागतो. आकडा नसेल तर मी फोन करते. सी-किट आणि केआय-67 या जादा चाचण्या त्यानंतर. मायटोसिस न मोजता थेट अशा चाचण्यांचं महागडं पॅनल मागवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

या दोन्ही पद्धती त्वचेतल्या गाठींसाठी आहेत. त्वचेखालच्या गाठीला तोच ग्रेड चिकटवू नका.

अंगावर चार गाठी म्हणजे कॅन्सर पसरला, असं नाही. प्रत्येकीत सुई घाला.

पग किंवा बॉक्सर जातीचा आहे म्हणून सौम्यच असेल, हेही नको. त्यांच्यात सौम्य गाठी जास्त दिसतात, एवढंच.

उलट्या किंवा काळी शी होत असेल तर सर्जनला आधी सांगा, जठरात अल्सर असू शकतो.

आणि गाठ अख्खी पाठवा, तिच्या दहापट फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात). मोबाइलवरच्या फोटोवरून ग्रेड विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.