इन्सुलिनची अ‍ॅलर्जी आणि रक्ततपासणी : या चुका टाळा

इन्सुलिनची खरी अ‍ॅलर्जी आज फारशी आढळत नाही. गाय-डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले, पुरेसे शुद्ध नसलेले इन्सुलिन वापरात होते तेव्हा टोचलेल्या जागी गांध उठणे नित्याचे होते; 1982 मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि हे प्रमाण खूपच खाली आले. त्यामुळे असा रुग्ण समोर आला की कोणती तपासणी मागवावी याबद्दल अनुभवी डॉक्टरांचाही गोंधळ होतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहते आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक चिठ्ठीवरच होते. ‘इन्सुलिन अँटीबॉडी’ एवढेच लिहिले जाते आणि प्रयोगशाळा त्या नावाची जी तपासणी तिच्याकडे असेल ती करून मोकळी होते. ती बहुधा टाइप 1 मधुमेहाच्या निदानासाठी असते आणि तिच्यात मुख्यतः आयजीजी वर्गाच्या अँटीबॉडी मोजल्या जातात. बाहेरून इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच या अँटीबॉडी अनेकांच्या रक्तात तयार होतात आणि बहुतेकांना त्यांचा काहीही त्रास होत नाही. टोचल्यावर काही मिनिटांत गांध उठते, खाज सुटते, अंगभर पित्त उठते, त्यामागे आयजीई वर्गाच्या अँटीबॉडी असतात आणि त्यांची तपासणी ‘इन्सुलिन-विशिष्ट आयजीई’ असे स्पष्ट लिहूनच मागवावी लागते.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एका बाईंचा रिपोर्ट माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आला. इंजेक्शन घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोटावर रुपयाएवढी लाल गांध उठायची. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने ‘अँटीबॉडी पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट दिला, घरच्यांनी त्याचा अर्थ ‘अ‍ॅलर्जी सिद्ध झाली’ असा लावला आणि इन्सुलिन बंद केले. पाचव्या दिवशी त्यांना रुग्णालयात आणले तेव्हा साखर 480 होती आणि लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्ले) होते. प्रकृती सावरल्यावर इन्सुलिन-विशिष्ट आयजीई तपासले, ते निगेटिव्ह निघाले. त्वचेच्या चाचणीत साध्या इन्सुलिनने काहीच झाले नाही, प्रोटामाइन (इन्सुलिनचा परिणाम लांबवण्यासाठी मिसळले जाणारे प्रथिन) असलेल्या इन्सुलिनने मात्र तीच गांध उठली. त्या घेत होत्या ते 30/70 मिश्र इन्सुलिन होते आणि त्यातही प्रोटामाइन असते. प्रोटामाइन नसलेले ग्लार्जिन हे इन्सुलिन सुरू केल्यावर त्रास थांबला. म्हणून मी प्रत्येक वेळी कुपीचे नाव विचारते : दोष इन्सुलिनचाच असतो असे नाही, तो प्रोटामाइन, मेटाक्रेसॉल व फिनॉल ही टिकवणारी द्रव्ये किंवा जस्त यांचा असू शकतो, आणि इन्सुलिन-विशिष्ट आयजीई त्यांपैकी कोणाबद्दलही काही सांगत नाही.

याची उलट बाजूही आहे. इन्सुलिन-विशिष्ट आयजीई 0.35 (kU/L) च्या वर आले म्हणजे अ‍ॅलर्जी ठरली असे नव्हे. काहीही त्रास नसलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या काही रुग्णांतही ते वर असते. लक्षणे आणि आकडा दोन्ही जुळले तरच त्याला अर्थ आहे. नुसता आकडा पाहून इन्सुलिन बदलण्याची घाई मला मुळीच पटत नाही.

दुसरी चूक ट्रिप्टेजची. इंजेक्शननंतर धाप लागली, रक्तदाब घसरला, की अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशींतून ट्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) रक्तात येते; ते साधारण एक ते दोन तासांत शिखर गाठते आणि पुढे काही तासांत ओसरते. आमच्याकडे नमुना येतो दुसऱ्या दिवशी सकाळी, तोही ‘उपाशीपोटी’ अशी नोंद करून. या तपासणीला उपाशी राहण्याची काहीही गरज नाही. गरज असते ती वेळेची. आधी अ‍ॅड्रिनॅलिन द्यावे, रुग्ण स्थिर होताच रक्त काढावे आणि त्रास ओसरून किमान 24 तास झाल्यावर दुसरा नमुना घ्यावा. दुसऱ्या आकड्याची 1.2 पट करून त्यात 2 मिळवावेत; पहिला आकडा तेवढा किंवा त्याहून जास्त असेल तर वाढ खरी मानावी. मूळ पातळी, म्हणजे दुसऱ्या नमुन्यातील आकडा, 5 असेल तर 8 ही सीमा झाली. म्हणजे पहिल्या नमुन्यातील 9 हा आकडा छापील मर्यादेत बसत असूनही महत्त्वाचा असतो, आणि नेमका तोच ‘नॉर्मल’ म्हणून फाईलमध्ये लावला जातो. दुसरा नमुना हा फुकटचा खर्च समजून टाळणाऱ्यांशी मी आजही वाद घालते.

एकूण आयजीई किंवा इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसले म्हणून इन्सुलिनला दोष देऊ नये; जंत, दमा, त्वचेचा जुनाट इसब यांतही ते वाढतात. स्टिरॉइड चालू असेल तर इओसिनोफिल खाली दिसतात. अ‍ॅलर्जीच्या गोळीने रक्तातील आयजीई बदलत नाही, त्वचेची चाचणी मात्र त्या गोळीमुळे फसते. दुसऱ्या दिवशी उठणाऱ्या कडक गाठीमागे आयजीई सहसा नसते, तिथे ती तपासणी मागवण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर मी स्वतः चार गोष्टी लिहून घेते : कुपीवरचे पूर्ण नाव, इंजेक्शनची वेळ, लक्षण सुरू झाल्याची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ. यांपैकी एकही रिकामी असेल तर नमुना यंत्रावर लावण्यापूर्वी मी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करते, आणि इन्सुलिन घरीच कोणी बंद केलेले नाही ना, हेही त्याच फोनवर विचारते.