प्राण्यांच्या शेल्टरसाठी दरमहा मदत करणारे पालक कसे जोडायचे

कुत्र्याला हायवेवर गाडीने उडवलं, तुम्ही फोटो टाकला, दोन दिवसात ऑपरेशनचे पैसे जमले, खूप छान. पण त्याच कुत्र्याला पुढची आठ-दहा वर्षं रोज भात घालायचाय, दरवर्षी रेबीजची लस द्यायचीय, पावसात कोरडी जागा द्यायचीय, आणि त्याचे पैसे कोणी मागतच नाही. आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात जी छोटी छोटी शेल्टर आहेत, कोणाच्या आंब्याच्या बागेत नाहीतर जुन्या गोठ्यात चालणारी, त्यातली बरीचशी इथेच अडतात. खर्च रोजचा असतो, मग पैसाही दर महिन्याला ठरल्यासारखा यायला हवा. त्यासाठी एकेका जनावराला पालक जोडणं हा मला तरी सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो. तो कसा करायचा ते सांगते.

आधी हिशोब

एक वही घ्या आणि एक अख्खा महिना सगळं लिहून काढा. तांदूळ, कोंबडीचे पाय-मुंड्या, गॅस, पेंढा, औषधं, डॉक्टरांची फी, रिक्षा-टेम्पो, कामाला येणाऱ्या मावशींचा पगार, लाईट बिल, सगळं. पगार आणि लाईट बिल लोक धरतच नाहीत, "ते काय जनावराला थोडंच लागतं" म्हणतात, अहो मग साफसफाई कोण करणार? एकूण आकड्याला जनावरांच्या संख्येने भागा, कुत्रे-मांजरी वेगळे नि गुरं वेगळी, कारण एका भाकड गायीला जेवढं लागतं तेवढ्यात कितीतरी मांजरं जेवतील. समजा एका कुत्र्याचा महिना १,५०० रुपये आला तर तीन प्रकार ठेवा: पूर्ण पालक १,५००, अर्धा ७५०, फक्त जेवणाचा ५००. यापेक्षा जास्त प्रकार केले की लोक गोंधळतात आणि "विचार करून सांगतो" म्हणून निघून जातात.

कागद आणि खातं

स्वतःच्या खात्याचा क्यूआर कधीच देऊ नका. सुरुवातीला सोपं वाटतं पण तो पैसा तुमचा की जनावरांचा हे नंतर कोणाला पटवून देता येत नाही, ना गावाला ना इन्कम टॅक्सला. धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करा (१९५० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली), न्यासाच्या नावाने पॅन नि बँक खातं काढा, मग इन्कम टॅक्सकडे १२ए (न्यासाला करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याला करसवलत) या नोंदण्या करा. सीए गाठल्याशिवाय हे करायला जाऊ नका.

८०जीबद्दल देणाऱ्याला खरं सांगा. वजावट साधारण देणगीच्या निम्म्या रकमेची मिळते आणि तीही जुन्या कररचनेत असेल त्यालाच, नव्या रचनेत मिळत नाही. रोख दिली तर २,००० पर्यंतच चालते, वरची रक्कम चेक किंवा ऑनलाइनच हवी. आणि तांदळाची गोणी दिली तर त्यावर ८०जी नाही, फक्त आभाराची पावती. आर्थिक वर्ष मार्चला संपलं की ३१ मेच्या आत सगळ्या देणगीदारांची यादी पॅनसकट इन्कम टॅक्सला भरावी लागते, तरच त्यांना सर्टिफिकेट मिळतं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी. त्यामुळे पहिल्याच दिवशी पॅन मागून घ्या, मे महिन्यात शंभर लोकांना फोन करत बसायला लागू नये. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे, फॉर्मचे नंबर बदललेत, तेव्हा जुन्या पावतीपुस्तकाचा मजकूर सीएला दाखवून घ्या.

दुकानात देणगीचे डबे ठेवत असाल तर तो पैसा निनावी धरला जातो. एका मर्यादेपुढे (१ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते) वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. छोट्या शेल्टरला तिथवर जायची वेळ सहसा येत नाही, पण माहीत असू दे.

जनावराची ओळख लिहिणं

इथे वेळ द्या, खरंच द्या. रक्ताने माखलेला फोटो टाकला की पैसे येतात पण एकदाच, दर महिन्याला असा फोटो कोणाला बघवत नाही. त्यापेक्षा बरं झालेलं, आपल्या जागेवर बसलेलं जनावर दाखवा आणि चार ओळीत ते कसं आहे ते लिहा. म्हणजे असं: "लंगडी. हातखंब्याजवळ हायवेवर मिळाली, मागचा डावा पाय काढावा लागला. भात आधी हुंगते, सुकी मच्छी नसेल तर आपल्या तोंडाकडे बघत बसते. पावसाचा आवाज वाढला की गोणपाटाखाली जाते, तिला तिथेच राहू द्यायचं. पुरुषमाणसांना अजून घाबरते." हे वाचून ज्याला वाटेल तो वर्षानुवर्षं देईल. दयेचे मोठमोठे शब्द लागत नाहीत.

एका जनावराला चार पालक असतील तर ते आधीच स्पष्ट लिहा. लंगडीचे ५०० देणारे चौघं आहेत हे एकाला दुसऱ्याकडून कळलं तर विश्वास जातो, आणि उरलेला पैसा ज्यांना कोणी विचारत नाही अशा म्हाताऱ्या, खरजेच्या, चावऱ्या कुत्र्यांना जातो हेही सांगा. लोक समजून घेतात.

फोटोबरोबर पक्कं लोकेशन मात्र टाकू नका. पत्ता फिरला की सकाळी गेटपाशी खोक्यात पिल्लं सापडायला लागतात.

आणखी एक, जंगली प्राण्यांच्या नावाने पालक जोडू नका. खवले मांजर, कासव, माकड, घुबड हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, जखमी मिळालं तर वनखात्याला कळवायचं (हेल्पलाइन १९२६), परवानगीशिवाय आपल्याकडे ठेवायचं नाही.

कोणाला आणि कधी विचारायचं

कोकणात पैसा नि माणसं मोसमाने येतात. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात घरी असतात, तेव्हा फोनवर मागण्यापेक्षा त्यांना शेल्टरवर बोलवा. मुलं बरोबर येतात, मुलांनी एक कुत्रं निवडलं की आईबाबा नाही म्हणत नाहीत. मुंबईला परत गेल्यावर मेसेज करायचा तो असा, "काका, लंगडी आज तुमच्या ओंकारने दिलेल्या चेंडूवर झोपलीय, ऑटोपेची लिंक पाठवू का?" सरळ विचारायचं, आडवळणाने नाही. यूपीआय ऑटोपे लावून घेतला की दर महिन्याला आठवण करायला लागत नाही, १५,००० च्या आतल्या हप्त्याला दरवेळी पिनही लागत नाही.

वस्तूंचं वेळापत्रक वेगळं. पेंढा मागायचा तो भात झोडून झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, तेव्हा प्रत्येकाच्या अंगणात उडवी असते आणि दोन भारे द्यायला कोणाला जड जात नाही, जूनमध्ये तोच पेंढा विकत घ्यायचा म्हटलं तर डोळे पांढरे होतात. ताडपत्री, गोणपाट, जुन्या गोधड्या मे महिन्यात मागा. जून-जुलैसाठी थोडी शिल्लक ठेवाच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बंदरावरच्या कुत्र्यांचं खाणं तुटतं आणि त्यात पावसाने जखमांत किडे पडतात, म्हणजे आपल्याकडे येणारी जनावरं वाढतात आणि देणारे मात्र शेतीत गुंतलेले असतात.

भेटीला येणाऱ्यांचं जेवण शेजारच्या घरी ठेवा, पैसे थेट त्यांनाच द्यायला सांगा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवाची अंडी राखायचं काम सुरू केलं. आता कासव महोत्सवाला येणारी माणसं गावातल्याच घरात राहतात-जेवतात, म्हणजे कासवामुळे गावाला चार पैसे मिळतात. शेल्टरचं भुंकणं सोसणाऱ्या वाडीलाही त्यातून काहीतरी मिळायला हवं, नाहीतर तक्रारअर्ज ठरलेलाच.

दर महिन्याचा निरोप

एक फोटो नि दोन-तीन ओळी, बस. वजन वाढलं, गोचीड झाले होते ते गेले, भांडण केलं. तीन महिन्यांनी एकदा जमा-खर्च एका पानावर. काहीच नवीन नसेल तरी "ठीक आहे" एवढं कळवा.

आणि जनावर गेलं तर त्याच दिवशी कळवायचं. हे सगळ्यात अवघड आहे आणि इथेच बरेच जण टाळाटाळ करतात, दोन महिने जुने फोटो पाठवत राहतात. तसं करू नका हो. असं लिहा:

"दादा, ढवळी आज पहाटे गेली. पोटात प्लास्टिक होतं, डॉक्टरांनी प्रयत्न केले पण ती फार अशक्त झाली होती. शेवटी मावशी तिच्याजवळ होत्या. तुमचे या महिन्याचे पैसे तिच्या सलाईन-औषधाला लागले. ऑटोपे कसा थांबवायचा ते खाली लिहिलंय. दुसऱ्या जनावराबद्दल मी आत्ता काही विचारत नाही, तुम्हाला वाटलं तर कळवा."

दुसऱ्या जनावराचा फोटो त्याच मेसेजमध्ये जोडायचा मोह होतो. थांबा. ज्यांना वाटतं ते स्वतःहून विचारतात.

दुकानं, कंपन्या आणि परदेशातले

काजू कारखाना, आंबा व्यापारी, रिसॉर्टवाले यांना एका माणसाच्या देणगीपेक्षा मोठं काम द्या: वर्षभराची लस, पिंजऱ्यांवरचे पत्रे, नसबंदीचा एक कॅम्प. आभार म्हणून नुसती नावाची पाटी लावली तर जीएसटी लागत नाही, तसं ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. पण पाटीवर धंद्याची जाहिरात आली की ती देणगी राहत नाही.

सीएसआरची, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकार्यावर करावा लागणाऱ्या खर्चाची, घाई नको. वर्षाला ५ कोटींच्या वर निव्वळ नफा असला (किंवा १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५०० कोटी नेटवर्थ) की कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात आणि त्या यादीत प्राणीकल्याण आहे. पण संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ हा सरकारी फॉर्म भरून केलेली नोंदणी लागते. तोवर ऑडिट नि फोटो नीट जपून ठेवा.

खेड-चिपळूण-रत्नागिरीची कितीतरी माणसं आखातात आहेत, आणि ती मनापासून देतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याकडून मात्र एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना. म्हणून पैसे घ्यायच्या आधी विचारा आणि पासपोर्टची झेरॉक्स पावतीच्या प्रतीला लावून ठेवा.