जुनी छोटी गाडी घेतलीय? निदान या चुका तरी टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो मी. सोमवारी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं. काल जुनी हॅचबॅक घेतलेला, गल्लीत पेढे वाटून झालेले आणि हातात मेकॅनिकनं खरडलेली चिठ्ठी. 'अडीच सांगत होता, दोन तीसला पाडली' असं सांगताना छाती फुगलेली असते. चिठ्ठीतल्या सामानाची बेरीज अठरा हजार झाली की आवाज खाली येतो. घासाघीस करून वाचवलेले ते वीस हजार गाडीसाठीच बाजूला ठेवायचे असतात. यांचे ते सीट कव्हर आणि स्पीकरमध्ये गेलेले असतात.

बाकी चुका परवडतात, पण एका चुकीनं माझं डोकं फिरतं. रेडिएटरात कूलंटऐवजी नळाचं पाणी आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) गायब. 'काढून टाका ओ, गार राहती गाडी' हा आपल्याकडचा जुना सल्ला. कुणी दिला की त्याला मी काउंटरवरून हात जोडतो.

माझ्या मावसभावानं अशीच बाराशे सीसीची पेट्रोल गाडी घेतली. बघायला मला नेलं नाही, कारण मी 'नाट लावतो'. दोन महिने शहरात झकास चालली. मग पाचजण भरून, एसी लावून वैभववाडीला लग्नाला गेले. जाताना करूळ घाट उतारच, काही झालं नाही. येताना निम्म्या चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. बायकोनं दाखवलाही. हा म्हणाला, "गगनबावड्यात चहाला थांबणारच आहे की." तिथवर गाडी गेलीच नाही. बॉनेटमधून वाफा आल्यावर थांबला आणि घाईघाईनं इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतलं. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी! टोचन करून गाडी माझ्या ओळखीच्या गॅरेजला आली. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ साय, म्हणजे ऑइलात पाणी मिसळलेलं. हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) उडालेलं, हेड वाकलेलं. फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट किट, वॉटर पंप, रेडिएटर, मजुरी धरून सत्तावीस हजार गेले.

रेडिएटर खोलला तेव्हा उकळलेल्या चहासारखं गढूळ पाणी निघालं. बरीच वर्षं नळाचं पाणी घालून आतल्या नळ्या गंजानं आणि क्षारानं बुजल्या होत्या. आधीच्या मालकाकडं गाडी तापत असणार, म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढला. सपाटीवर तेवढ्यानं भागलं, चढावर पितळ उघडं पडलं. थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नव्हेच. तो साधारण 82 ते 88 अंशाला उघडतो, तोवर इंजिनला लवकर तापू देतो. तोच काढला तर इंजिन थंडच धावतं, पेट्रोल जास्त पितं आणि झीज वाढते. मग लोक माझ्याकडं येऊन विचारतात, 'ॲव्हरेज का देत नाही?'

मी काय करतो ते सांगतो. सकाळी थंड गाडी बघायला जातो. विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवली असेल, तर बॉनेटला हात लावून परत फिरतो. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडायचं (गरम असताना कधीच नाही, तोंड भाजेल). आत कूलंट हवं, म्हणजे हिरवं, लाल, निळं काहीही रंगीत आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावायचा. काही मिनिटं तो गारच राहिला आणि मग एकदम तापला, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर संशय धरा. शेवटी फॅन आपोआप लागून बंद होतो का तेही बघायचं. एवढ्याला वीस मिनिटं लागतात, आणि आपल्या नव्या पोरांना वीस मिनिटं धीर नसतो. बॉनेट आपटून 'आवाज एक नंबर हाय' म्हणतात आणि टोकन देऊन मोकळे.

दुसरी चूक पुराची गाडी. 2019 आणि 2021 चा पूर कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की काय होतं ते आंबेवाडी-चिखलीवाल्यांना विचारा. त्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात आल्यात. आत अत्तराचा भपका आला की माझं नाक आधी मॅटिंगखाली जातं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या टोकाला मातकट रेघ दिसते. स्टेपनी काढून खळग्यात बोट फिरवा, गाळ बोटाला लागतो. सीटच्या रुळांवरचा गंज, फ्यूज बॉक्सच्या पिनांवरची हिरवट बुरशी, हेडलाइटच्या आत साचलेली वाफ हे सगळं बघा. अशी गाडी घेतल्याबरोबर बिघडत नाही. सहा महिन्यांनी पॉवर विंडो, मग मीटर, मग ऐन पावसात वायरिंग जातं.

आणि हो, तुमचीच गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो, आणि साध्या पॉलिसीत बहुतेकदा तो खर्च बसत नाही.

उरलेलं पटापट.

टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा): जुन्या आठशे सीसी आल्टोला, सँट्रोला बेल्ट असतो, चेन नव्हे. कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा.

टायर: नक्षी बघू नका, बाजूवरचे चार आकडे बघा. 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. अशा टायरवर मी घाट उतरत नाही.

क्लच: सिग्नलला पाय क्लचवर ठेवून उभं राहायची सवय असली, तर क्लच प्लेटचे पैसे आत्तापासून साठवा.

सीएनजी: किट आरसीवर चढलेलं नसेल तर व्यवहार तिथंच थांबवा.

विमा: नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. पॉलिसी 14 दिवसांत नावावर करायला टाका. पंधरा वर्षं होत आलेली गाडी असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर धरून हिशोब करा.

शेवटची चूक खास आपल्या बाजूची, निपाणी-बेळगावची स्वस्त गाडी. केए 23 म्हणजे कर्नाटकचा नंबर, चाळीस हजार कमी, 'कागद करून देतो' हा शब्द. तिकडची एनओसी (ना हरकत दाखला), इथली नोंदणी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई संपते. आमच्या गल्लीत अशी एक पांढरी गाडी दीड वर्ष उभी आहे. एनओसी अजून यायचीय. बॉनेटवर मांजर झोपतं.