दहा बाय दहाच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक संगीत: हेडफोनवर काय ऐकायचं, मॉनिटरवर काय

पहिला मोठा खर्च हेडफोनवर करावा की स्टुडिओ मॉनिटरवर (मिक्सिंगसाठीचे स्पीकर), यावर तावातावाने वाद घालणारे बहुतेक जण खोलीबद्दल बोलतच नाहीत. मॉनिटरचा आवाज तुमच्या कानापर्यंत येतो तो खोलीचे संस्कार घेऊनच. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली बेडरूम बऱ्याचदा दहा बाय दहा असते, आणि बेसच्या दृष्टीने चौरस खोली हे फार अडचणीचं माप. म्हणून दुकानात जाण्याआधी मेजरिंग टेप काढा.

1. खोली मोजा

समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा आणि 343 ला त्याने भागा. (343 मीटर हा आवाजाचा सेकंदाला वेग.) दहा फूट म्हणजे 3.05 मीटर, उत्तर आलं 56 हर्ट्झ. या फ्रिक्वेन्सीला आवाज दोन भिंतींमध्ये घुमत राहतो: भिंतीलगत फुगतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. लांबी-रुंदी सारखी म्हणून दोन्हींचा आकडा एकच. छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिसरा आकडा 59. हाउस किंवा टेक्नो या नृत्यसंगीतात किकचा, म्हणजे तालाच्या मुख्य ठोक्याचा, जोर अनेकदा नेमका याच पट्ट्यात असतो. घरी दणदणीत वाटलेली किक बाहेर फुसकी का निघते, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

2. कानाने खात्री करा

मॉनिटर अजून नसतील तर बेस बऱ्यापैकी देणारा कुठलाही स्पीकर मित्राकडून आणा. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये साधी साइन वेव्ह (एकाच फ्रिक्वेन्सीचा शुद्ध सूर) हलक्या आवाजात सुरू करा आणि 40 पासून 120 हर्ट्झपर्यंत पाच-पाचने वर जा. काही आकड्यांना आवाज अंगावर येईल, काहींना गायब होईल. मग 55 वर थांबा आणि खोलीत फिरा. मधोमध जवळपास शांतता. कोपऱ्यात गेलात की तोच सूर छातीत बसतो, कपाटाचं दार थरथरायला लागतं. आवाजाच्या फेडरला तर कुणी हातही लावलेला नाही! आता हेच हेडफोन लावून करा. ओपन-बॅक (कपांची मागची बाजू उघडी) असतील तर अगदी तळाला आवाज हळूहळू उतरेल, पण असे खड्डे पडणार नाहीत.

3. आधी हेडफोन घ्या

बजेट बेताचं असेल आणि भाड्याच्या घरात भिंतींना हात लावता येत नसेल, तर माझं मत सरळ आहे: आधी चांगले हेडफोन. ओपन-बॅकमध्ये सेनहायझर एचडी 600 आणि क्लोज्ड-बॅकमध्ये (मागून बंद) बेयरडायनॅमिक डीटी 770 प्रो ही वर्षानुवर्षं चालत आलेली नावं. डीटी 770 प्रो घेताना 32, 80 की 250 ओहम (विद्युत अवरोध) ते बघा. 250 वालं थेट लॅपटॉपच्या जॅकला लावलं तर आवाज कमी पडू शकतो, त्याला बरा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला जोडायची आवाजाची पेटी) हवा. आपल्याकडचा उकाडाही हिशेबात धरा. क्लोज्ड-बॅकमध्ये कान घामाने भिजतात. पंखा लावून ओपन-बॅक घातले तर पंख्याची घरघर थेट आत. यातलं कुठलं दुखणं सोसायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

4. मॉनिटर आले की मांडणी

पाच इंची वूफरकडून (बेसचा स्पीकर) सब-बेसची, म्हणजे अगदी तळाच्या बेसची, अपेक्षा ठेवू नका. यामाहा एचएस 5 ची कंपनीने दिलेली खालची मर्यादा 54 हर्ट्झ आहे, तीही 10 डेसिबल उतरल्यावरची. तुमची बेसलाइन 41 हर्ट्झच्या ई वर चालत असेल तर तिचा मूळ सूर तिथे जेमतेम ऐकू येईल. म्हणून आठ इंची घ्यावेत? लहान खोलीत त्याने घुमणं आणखी वाढतं.

दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. डोकं समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर, म्हणजे दहा फुटांत पावणेचार फुटांवर ठेवून सुरुवात करा आणि मग कानाने थोडं पुढे-मागे सरका.

अंड्यांचे ट्रे आणि इंचभर जाडीचा फोम बेसला शिवतही नाहीत. लाकडी चौकटीत चार इंच रॉकवूल (खनिज तंतूंची गादी) भरून, कापडाने झाकून कोपऱ्यात उभं करा. भरताना हातमोजे आणि मास्क घाला, तंतू टोचतात. त्यानेही 56 हर्ट्झचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. त्याच्या वरचा भाग मात्र बराच स्वच्छ होतो.

5. कामं वाटून द्या

किक आणि सब-बेसचं नातं, सॅम्पल कापताना राहिलेले क्लिक, कंप्रेसरचा (आवाजाचे चढ-उतार दाबणारं साधन) रिलीज, म्हणजे तो दाब किती वेळात सोडतो ते, ही बारीक कामं हेडफोनवर. पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे मांडणं), रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट) आणि लीडची, म्हणजे मुख्य धुनेची, पातळी मॉनिटरवर. कारण हेडफोनमध्ये डावीकडचा आवाज फक्त डाव्या कानात जातो. स्पीकरवर तोच आवाज उजव्या कानातही पोचतो, मिलिसेकंदापेक्षा कमी उशिराने आणि जरा मंद होऊन. त्यामुळे हेडफोनवर पॅन आहे त्यापेक्षा रुंद वाटतं. रिव्हर्बची शेपटीही इतकी स्पष्ट ऐकू येते की हात आखडता राहतो, आणि स्पीकरवर ट्रॅक कोरडा निघतो.

वेळापत्रक कायद्यानेच आखून दिलंय म्हणा ना: निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. त्या वेळात हेडफोन.

6. मोनो करून बघा

हेडफोनवर रुंद केलेला बेस फार गोड लागतो. पण डाव्या-उजव्या बाजूंची फेज (लहरींचे चढ-उतार) उलटी असेल तर मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र केल्यावर, तो नाहीसा होतो, आणि क्लबमधल्या कित्येक सिस्टिम मोनोच असतात. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य ट्रॅकवर युटिलिटी हा इफेक्ट टाकून मोनोचं बटण दाबा. बेस पडला तर बेसच्या ट्रॅकवर युटिलिटीतलं बेस मोनो चालू करून मर्यादा 120 हर्ट्झच्या आसपास ठेवा.

7. आवाज एका जागी ठेवा

हळू आवाजात कानाला बेस कमी जाणवतो, मोठ्यात भरपूर. रोज नॉब फिरवत राहिलात तर रोज वेगळा मिक्स होईल. नॉबवर चिकटपट्टीची खूण करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास, आणि दर 3 डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी. हेडफोनवर ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

8. शेवटी फोन

फोनच्या स्पीकरवर सब-बेस येतच नाही, आणि बहुतेक लोक तुमचा ट्रॅक आधी तिथेच ऐकणार. बेसलाइन पूर्ण हरवत असेल तर आवाज वाढवू नका, बेसवर थोडं सॅच्युरेशन (सौम्य विकृती) टाका. त्याने वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात आणि मूळ सूर न वाजताही बेसची चाल कळते. किती टाकायचं ते फोनवर ऐकत ठरवा आणि किक अजून मोकळी आहे ना, ते पुन्हा हेडफोनवर बघा.