सांध्यातली फट: प्लास्टिकच्या मॉडेल विमानात लांबी भरण्यापूर्वी आणि भरताना

१/७२ प्रमाणातल्या स्पिटफायर विमानाच्या पंखाच्या मुळाशी अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ दीड इंचाची भेग ठरते. एवढी भेग घेऊन कोणतेही विमान उड्डाण करत नाही, आणि म्हणूनच रंग कितीही सुबक दिला असला तरी पाहणाऱ्याची नजर अशा फटीपाशी येऊन अडते. फटी बुजवण्याचे काम अनेकांना कंटाळवाणे वाटते. माझ्या मते मात्र मॉडेल करणाऱ्याचा खरा कस याच कामात लागतो. गाड्या रंगवणारे कारागीर पत्र्यावरचे पोचे बुजवायला जो लेप वापरतात त्याला ते लांबी म्हणतात, आणि मॉडेलच्या पुटीलाही मी तेच नाव देतो. ही लांबी सर्वांत शेवटी हाती घ्यायची असते, कारण तिचे निम्म्याहून अधिक काम गोंद लावण्यापूर्वीच उरकता येते.

फट का पडते हे कळले, तर ती कुठे पडेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. किटचे भाग पॉलिस्टायरीन वितळवून, दाबाने धातूच्या साच्यात भरून तयार होतात. थंड होताना हे प्लास्टिक साधारण अर्ध्या टक्क्याने आक्रसते. साचा करणारे ती घट हिशेबात धरतात, परंतु पातळ भाग लवकर आणि जाड भाग सावकाश निवत असल्यामुळे घट सगळीकडे सारखी होत नाही. त्यामुळे विमानाच्या धडाचे दोन अर्धे किंवा पंखाची लांबलचक खालची बाजू किंचित वाकते किंवा पिळवटते, आणि जिथे आतून जाड फासळी किंवा खुंटी असते तिथे बाहेर उथळ खळगा पडतो. साचा जुना आणि झिजलेला असेल, तर कडांना प्लास्टिकचा पातळ पापुद्राही येतो.

सगळे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर असतानाच भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवावेत, म्हणजे साच्यातून आलेला तेलकटपणा निघून जातो. भाग चौकटीपासून, म्हणजे स्प्रूपासून, एकाच कापात वेगळा करू नये. आधी थोडे अंतर राखून कापावा आणि उरलेला देठ नंतर धारदार पात्याने तासावा. सांध्याच्या कडेवर राहिलेला मिठाच्या कणाएवढा देठही दोन अर्ध्यांना पूर्ण मिटू देत नाही, आणि ज्याला आपण किटचा दोष समजतो तो पुष्कळदा हा देठच असतो. त्यानंतर सपाट काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवून धडाच्या दोन्ही अर्ध्यांच्या कडा त्यावर हलक्या हाताने, इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरवत घासाव्यात. चार-पाच फेऱ्यांत कडेवरच्या उंच जागा चमकू लागतात आणि खोलगट जागा तशाच मंद राहतात. संपूर्ण कड एकसारखी दिसली की थांबावे, कारण त्यापुढे घासल्यास धड अरुंद होते आणि पंखाशी नवी फट निर्माण होते.

आता गोंदाशिवाय जुळवणी करावी, आणि ती एकदा नव्हे तर प्रत्येक बदलानंतर करावी. कागदी चिकटपट्टीने धड बांधून पंख बसवून पाहावा आणि पलीकडे दिवा धरून उजेड कुठून येतो ते पाहावे. जुळणी साधण्यासाठी दिलेल्या खुंट्याच भाग चुकीच्या जागी ओढत असतील तर त्या निःशंकपणे कापून टाकाव्यात. वाकलेला भाग कढत पाण्यात थोडा वेळ बुडवून सावकाश सरळ करावा आणि तसाच धरून गार पाण्याखाली निववावा.

स्पिटफायरच्या बहुतेक किटमध्ये पंखाची खालची बाजू सलग आणि वरचे दोन भाग सुटे असतात, त्यामुळे धड आणि वरचा पंख यांमधली फट जवळजवळ ठरलेलीच असते. ती लांबीने बुजवण्यापूर्वी दोन उपाय करून पाहावेत. धड अरुंद पडत असेल, तर स्प्रूचा तुकडा योग्य मापाचा कापून धडाच्या आत आडवा बसवावा, म्हणजे धडाच्या भिंती बाहेर रेटल्या जाऊन फट आपोआप मिटते. पंखच खाली झुकलेला असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धडावरून चिकटपट्टी ताणून लावावी. पंखांची टोके वर ओढली जातात आणि मुळाशी असलेली फट बंद होते. स्पिटफायरचे पंख मुळातच वर उचललेले असल्यामुळे हा ताण त्याला शोभूनही दिसतो. मिग-२१चे पंख मात्र किंचित खाली झुकलेले असतात, म्हणून तिथे हा उपाय जपून करावा. गोंद पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक रात्र, चिकटपट्टी काढू नये.

प्लास्टिकचा गोंद नुसता चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवून एकमेकींत मिसळतो. या गुणाचा उपयोग करून घेतला तर अनेक सांध्यांना लांबीची गरजच उरत नाही. पातळ गोंद कुंचल्याने सांध्याला टेकवला की तो स्वतःच फटीत ओढला जातो. अर्धा मिनिट थांबून दोन्ही अर्धे घट्ट दाबावेत. मऊ झालेल्या प्लास्टिकची बारीक कड सांध्यातून वर येते. ती बोटाने पुसू नये, कारण तीच आपली पहिली आणि सर्वांत उत्तम लांबी असते. पूर्ण वाळल्यावर ती तासून घासली की सांधा मागमूस न ठेवता नाहीसा होतो. रंग किंवा चंदेरी मुलामा असलेल्या कडेवर हा गोंद काम करत नाही, म्हणून ती आधी खरवडून प्लास्टिक उघडे करावे.

पुष्कळ जण फट आणि पायरी यांत गल्लत करतात. एक बाजू दुसरीपेक्षा उंच असेल, तर तिथे बुजवायला काहीच नसते. उंच बाजू पात्याच्या मागच्या कडेने खरवडून खाली आणावी लागते. पायरीवर लांबी थापली तर सांध्याभोवती फुगवटा तयार होतो, जो रंगाखाली अधिकच उठून दिसतो. स्पिटफायरच्या पोटाशी, जिथे पंखाची मागची कड धडाला मिळते तिथे, बहुधा पायरी आणि फट दोन्ही असतात. अशा वेळी आधी पायरी उतरवावी, मग फटीकडे वळावे.

आणखी एक गोष्ट हाती लांबी घेण्यापूर्वी ठरवावी लागते: कोणता सांधा बुजवायचा आणि कोणता ठेवायचा. खऱ्या विमानावर पत्र्यांच्या जोडांच्या रेघा असतात, आणि किटचा सांधा अशा रेघेवर आला असेल तर तो भरून टाकणे ही चूक ठरते. खऱ्या विमानाची छायाचित्रे समोर ठेवून हा निर्णय करावा.

एवढे करूनही जी फट उरते तिच्यासाठी कोणता पदार्थ निवडावा, हे फटीच्या रुंदीवर, ती घासता येण्याजोग्या जागी आहे की नाही यावर, आणि तिच्यावरून पुढे रेघ कोरायची आहे की नाही यावर अवलंबून असते. तिसऱ्या प्रश्नाचा विचार फार थोडे जण करतात, आणि नंतर रेघ कोरताना लांबीचे कण निघून आले की हळहळतात.

केसाएवढ्या चिरेसाठी मिस्टर सर्फेसर ५०० सारखी पातळ, बाटलीत मिळणारी लांबी सर्वांत सोयीची आहे. ती कुंचल्याने रेघेवर ओढावी आणि थोडी सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने आजूबाजूचे पुसावे. चिरेत भरलेले तेवढे राहते आणि शेजारचे रिबिट घासले जाण्यापासून वाचतात. त्याहून मोठ्या फटीला ट्यूबमधील द्रावकयुक्त पुटी चालते, परंतु ती वाळताना आक्रसते, म्हणून एकाच वेळी जाड थर न देता दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थराला एक रात्र द्यावी. पुटी लावण्यापूर्वी फटीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली आणि पुटी ओली असतानाच ती काढली, तर घासण्याचे काम निम्म्याने कमी होते.

ज्या सांध्यावरून रेघ कोरायची आहे, तिथे मी दोनच पदार्थ वापरतो. पहिला म्हणजे स्प्रूचाच रस. पातळ गोंदाच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत त्याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे टाकून एक-दोन दिवस ठेवावेत. काकवीसारखा दाट रस तयार होतो. तो फटीत भरल्यावर मॉडेलचेच प्लास्टिक फटीत बसते, त्यामुळे घासताना आणि कोरताना दोन्हींची कठीणता सारखीच लागते. त्याला वाळायला अनेक दिवस लागतात, आणि पातळ भिंतीवर जाड थर दिला तर भिंतच मऊ पडून आत बसते, एवढी काळजी घ्यावी. दुसरा पदार्थ म्हणजे फेविक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद आणि टाल्कम पावडर यांचे मिश्रण. प्लास्टिकच्या झाकणावर दोन्ही कालवून लापशी करावी आणि दातकोरणीने फटीत भरावी. ही लांबी आक्रसत नाही, परंतु ती त्याच दिवशी, शक्यतो पहिल्या तासाभरातच घासावी. एक दिवस उलटला की ती भोवतीच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होते आणि घासताना प्लास्टिक झिजून ती उंचवट्यासारखी राहते. हा गोंद हवेतील दमटपणाने घट्ट होतो, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात तो कालवताना हात भराभर चालवावा लागतो.

मिलिमीटरभर किंवा त्याहून रुंद फट नुसत्या लांबीने भरू नये. तिथे प्लास्टिकनेच प्लास्टिक भरावे. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला स्पर्श न करता, फिरवत तापवावा. मधोमध मऊ होऊन चकाकू लागला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोके ओढावीत. सावकाश ओढल्यास जाड आणि झटकन ओढल्यास केसासारखा बारीक तंतू मिळतो. फटीच्या मापाचा तंतू आत बसवून वरून पातळ गोंद सोडावा आणि वाळल्यावर जास्तीचा भाग तासावा. सरळ आणि रुंद फटीसाठी पाव किंवा अर्धा मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी अधिक चांगली.

घासायला जागाच नाही अशा कोपऱ्यात, विशेषतः पंखाच्या मुळाशी, पाण्यात विरघळणारी अ‍ॅक्रिलिक पुटी किंवा साधे फेविकॉल भरावे आणि ओल्या कापसाच्या काडीने एकाच ओढीत पुसून घ्यावे. अशी पुटी वाळल्यावर पाणी लावून घासू नये, कारण ती पुन्हा मऊ पडू शकते. वैमानिकाच्या काचेभोवतीची फटही फेविकॉलनेच भरावी. वाळल्यावर ते पारदर्शक होते. तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट वापरल्यास त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी झाक बसते.

सैनिकांच्या किंवा काल्पनिक योद्ध्यांच्या छोट्या मूर्तींमध्ये खांदा आणि केस यांपाशी फटी पडतात, आणि तिथे सपाटी नव्हे तर आकार हवा असतो. त्यासाठी दोन कांड्यांची इपॉक्सी पुटी घ्यावी. मिलिपुट नावाच्या अशा पुटीच्या दोन्ही कांड्यांचे सारखे गोळे रंग एकजीव होईपर्यंत मळावेत, त्याची शेवईसारखी वळी करून फटीत दाबावी आणि ओल्या हत्याराने वस्त्राच्या चुण्या किंवा केसांच्या बटा ओढाव्यात. ती तीन-चार तासांत घट्ट होते आणि नंतर छान घासता येते. ग्रीन स्टफ ही दुसरी इपॉक्सी पुटी रबरासारखी लवचीक राहते, म्हणून तिचा आकार मऊ असतानाच पूर्ण करावा. इपॉक्सी मळताना हातमोजे घालावेत.

घासताना वॉटर पेपर नुसत्या बोटावर धरू नये. बोट मऊ असल्यामुळे ते मऊ लांबी अधिक खाते आणि सांध्यावर खोलगट पन्हळ पडते. सपाट भागासाठी आइस्क्रीमच्या काडीला कागद चिकटवावा. गोल धडासाठी बूट चमकवताना कापडाची पट्टी जशी दोन्ही हातांनी ओढतात, तशी कागदाची अरुंद पट्टी गोलाईवरून ओढावी, म्हणजे धड चपटे होत नाही. ४०० पासून सुरुवात करून ६०० आणि मग १००० नंबरवर यावे. पाणी लावून घासल्यास धूळ हवेत उडत नाही. कोरडे घासावे लागलेच तर तोंडावर मास्क असावा, आणि द्रावकाचे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे.

चंदेरी रंगाच्या विमानाला याहून अधिक धीर लागतो. नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात बांधल्या गेलेल्या मिग-२१ची माझी पहिली प्रतिकृती मी सांधे चिकटवल्याच्या दुसऱ्या दिवशी घासून चंदेरी केली. ती त्या दिवशी निर्दोष दिसली, आणि दोन आठवड्यांनी पाठीवर सांध्याची पुसट रेघ पुन्हा उमटली. सांध्यातला द्रावक तोवर पूर्ण उडालेला नव्हता. तो जसजसा उडाला तसतसे मऊ पडलेले प्लास्टिक खाली बसले. तेव्हापासून चंदेरी विमानाचे सांधे मी किमान आठवडाभर वाळू देतो आणि घासणे २००० नंबरपर्यंत नेतो.

सांधा खरोखर मिटला की नाही हे डोळ्यांना प्लास्टिकवर कळत नाही, कारण लांबीचा आणि प्लास्टिकचा रंग वेगळा असतो. सांध्यावर करड्या प्रायमरचा, म्हणजे रंगापूर्वीच्या अस्तराचा, पातळ हात द्यावा आणि दिव्याचा उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडून पाहावे. जी चीर उरली असेल तिची सावली पडते. तिथे सर्फेसरचा एक थेंब, पुन्हा घासणे आणि पुन्हा प्रायमर, असे दोन-तीन वेळा होणे स्वाभाविक आहे. सांधा मिटल्यावर घासण्यात पुसल्या गेलेल्या रेघा पुन्हा कोराव्यात: जाड चिकटपट्टीची कड पट्टीसारखी लावून, मूठ लावलेली सुई अजिबात जोर न देता चार-पाच वेळा त्याच रेघेवरून ओढावी, आणि शेवटी रेघेवरून पातळ गोंदाचा जवळजवळ कोरडा कुंचला एकदाच फिरवावा, म्हणजे कोरताना दोन्ही काठांना उठलेला कूस विरघळून रेघ स्वच्छ होते.