मोठ्यांच्या वाढदिवसाचा स्टुडिओत राडा कसा घालायचा

बाळाचा पहिला वाढदिवस आला की त्याला केकसमोर बसवायचं, त्या केकचा चिखल करू द्यायचा आणि फोटो काढायचे, केक स्मॅश म्हणतात ते आता सगळ्यांना माहितीये. पण त्या बाळाला त्यातलं काहीएक आठवणार नसतं. आणि ज्याला आठवेल तो पन्नाशीचा माणूस वाढदिवसाला केक कापून बाकीच्यांना तुकडे वाटत बसतो, त्याचा स्वतःचा एक धड फोटो नसतो. म्हणून मी काम नसेल त्या दिवशी मोठ्यांचे वाढदिवस शूट करायला लागले, पैसे न घेता, निव्वळ मजा म्हणून. चुकत चुकत जे कळलं ते सांगते.

सुरुवात ओळखीच्या माणसांपासून करा. आधी फोनवर तीन गोष्टी विचारायच्या. कसली अ‍ॅलर्जी आहे का (केकमधला सुकामेवा, अंडं वगैरे तर आहेच, पण फुग्याच्या रबराचीही असते काहींना), फोटो बाहेर दाखवलेले चालतील का (हे लेखी घ्या, क्रीमने माखलेला चेहरा आहे, नंतर कुरबुर नको), आणि लहानपणी वाढदिवसाला काय हवं होतं जे मिळालं नाही. तिसऱ्या प्रश्नावर सगळा सेट ठरतो. एकीने सांगितलं की मला फुगे हवे होते, पण मोजता येणार नाहीत इतके. झालं, रात्री बसून फुगवले.

बॅकड्रॉपला, म्हणजे माणसामागच्या पडद्याला, सीमलेस पेपरचा (जोड नसलेल्या रुंद कागदाचा) रोल बेस्ट. उभा माणूस पायापर्यंत घ्यायचा तर २.७२ मीटर रुंदीचा, १.३५ मीटरचा कमरेवरच्या फोटोंना पुरतो पण मजेत कोणी हात फेकले की कडा दिसायला लागतात. क्रीमचा तेलकट डाग कागदातून जात नाही, तेवढा भाग कापून टाकायचा असं धरूनच चाला. व्हायनल (प्लॅस्टिकचा बॅकड्रॉप) पुसता येतं पण लाइट मारला की चमकतं, मला नाही आवडत. कागदाखाली प्लॅस्टिक अंथरा आणि कडा गॅफर टेपने (शूटवर वापरतात ती कापडी टेप) चिकटवा, साध्या ब्राउन टेपचा गोंद फरशीवर राहतो आणि मग तो खरवडत बसावं लागतं. अजून एक, क्रीम सांडलेल्या कागदावर पाय सर्रकन घसरतो, त्यामुळे केकच्या वेळी माणसाला बसवूनच ठेवायचं.

लाइट साधा ठेवा. एक मोठा ऑक्टाबॉक्स (फ्लॅशवर लावायचा आठ कोनी कापडी डबा, उजेड मऊ करतो), ४५ अंशात, डोळ्यांच्या थोडा वर, आणि माणूस बॅकड्रॉपपासून ६ फूट पुढे म्हणजे मागे सावली पडत नाही. कॅमेऱ्याचं सेटिंग आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), शटर १/१६० सेकंद इथून सुरू करा. मागचं धूसर करायला छिद्र मोठं, एफ/२ वगैरे, ठेवायच्या मोहात पडू नका, माणूस हलणार आहे, हसत पुढे येणार आहे, फोकस जातो. पांढरं क्रीम फोटोत लगेच जळतं, नुसता पांढरा डाग उरतो, म्हणून हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लक्ष ठेवायचं, आणि खरं तर रंगीत क्रीमच सांगा. स्ट्रोबचा (स्टुडिओतला मोठा फ्लॅश) मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे त्यातला सतत पेटता दिवा, हॅलोजनचा असेल तर बंद ठेवा नाहीतर त्याच्या उष्णतेने केक शूटच्या आधीच मान टाकतो.

आता क्रम, यात मी चांगलीच आपटलेय. आधी स्वच्छ पोर्ट्रेट, मग मेणबत्त्या, मग कन्फेटी (उडवायचे रंगीत कागदाचे तुकडे), केक सगळ्यात शेवटी. एकदा मी उत्साहाच्या भरात केक आधी घेतला आणि वर कन्फेटी उडवली, ती सगळी तोंडाला चिकटली आणि बाई पिसं फुटलेल्या कोंबडीसारख्या दिसायला लागल्या. त्यांना ते आवडलं हे माझं नशीब. आणि मेणबत्ती कन्फेटीच्या आधीच का, तर खाली कागदाचे तुकडे पडलेले असताना आग पेटवायची नसते. फुगेही लांब ठेवा, केस मोकळे असतील तर मागे बांधायला सांगा, पाण्याची बादली हाताशी असू द्या.

मेणबत्तीची ज्योत फुल फ्लॅशमध्ये दिसतच नाही. फ्लॅश एकदम कमी करा, त्यावर नारिंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा म्हणजे चेहऱ्याचा रंग ज्योतीशी जुळतो, आयएसओ ४०० ते ८०० आणि शटर १/३० च्या आसपास. फुंकर मारतानाचा फोटो कुणाचाच चांगला येत नाही, गाल फुगलेले, डोळे बारीक. त्याच्या पुढच्या सेकंदाला शटर दाबा, तेव्हा चेहरा सैल पडतो. धूर हवा असेल तर मागून एक लाइट मारा आणि बॅकड्रॉप गडद ठेवा, समोरच्या लाइटमध्ये धूर कुठे गेला कळतही नाही.

कन्फेटी हवेत गोठवायची तर शटरचा वेग वाढवून उपयोग नाही, तिथे फ्लॅश किती वेळ पेटतो त्यावर सगळं असतं. स्पीडलाइटची (कॅमेऱ्यावर लावायचा छोटा फ्लॅश) पॉवर जेवढी कमी तेवढी चमक छोटी, म्हणून एकाला पूर्ण ताण देण्यापेक्षा दोन स्पीडलाइट १/८ किंवा १/१६ पॉवरवर लावा. बऱ्याच जुन्या स्टुडिओ स्ट्रोबमध्ये मात्र उलटं असतं, पॉवर कमी केली की चमक लांबते, तर आपल्याकडच्याचं मॅन्युअल बघून घ्या. चमकीवाली कन्फेटी नको, लाइट परत मारते आणि जागोजागी पांढरे ठिपके येतात, टिश्यू पेपर कापलेला बेस्ट, तरंगत हळू खाली येतो. टाकणाऱ्याला सांगायचं की एकदम ओतू नकोस, मूठमूठ सोड. बर्स्टवर (बटण दाबून धरून सलग फटाफट फोटो) पण जाऊ नका, फ्लॅश तेवढ्या पटकन चार्ज झाला नाही तर पहिली एकदोन फ्रेम सोडून बाकी अंधार.

आणि केक. इथे कॅमेऱ्यापेक्षा माणूस सांभाळायचा असतो. बाळ केकमध्ये हात घालायला परवानगी मागत नाही, मोठा माणूस मागतो. माझा एक मित्र, अकाउंट्समध्ये आहे, बावन्नचा झाला तेव्हा आला. घडी घातलेला रुमाल मांडीवर ठेवला, एका बोटाने क्रीमला हात लावला आणि लगेच बोट पुसलं. मी म्हटलं परत लाव, परत लावलं, परत पुसलं. असं चारपाच वेळा. शेवटी मी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, हातात रिमोट घेतला आणि स्वतःच केकमध्ये मूठ घातली. तो क्षणभर बघत राहिला आणि मग त्याने दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले, पुढच्या दहा मिनिटांत रुमाल डोक्यावर होता आणि घड्याळाच्या पट्ट्यात अडकलेलं क्रीम तो दातांनी काढत होता. तो दातांवालाच फोटो मी निवडला.

तर सुरी सेटवर ठेवूच नका, सुरी दिसली की माणूस सवयीने कापायला घेतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. ‘मजा करा’ असंही म्हणू नका, त्याने माणूस अजून आखडतो. हाताला काम द्या, वरचं फूल उचला, उजव्या हातातलं डाव्या हातात घ्या, असं. सुरुवातीची वीसेक मिनिटं फोटो फुकट जाणार आहेत, जाऊ द्या.

कॅमेऱ्यावर पारदर्शक पिशवी चढवून लेन्सच्या कडेला रबरबँड लावा. पुसायला आधी कोरडे नॅपकिन, मग कोमट पाणी, बटरक्रीम असेल तर साबणही लागतो. बदलायचे कपडे माणसाने आणलेत ना ते आल्या आल्या विचारा, मी एकाला माझा एप्रन घालून घरी पाठवलाय. आणि केक दोन आणा. दुसरा खायला, कारण पहिल्यात तोवर तुमचेही हात गेलेले असतात.